त्सो करचा टोपो नकाशा सोलापुरात बसून कसा करायचा

लडाखला जाणारी आपल्या सोलापूरची मंडळी आता भरपूर झालीयेत, कोणी बाईकवर, कोणी सायकलवर, कोणी पाठीवर सॅक टाकून, आणि जवळजवळ सगळ्यांच्या फोनमधला चांगथांगचा, म्हणजे लडाखच्या आग्नेयेकडच्या उंच पठाराचा, नकाशा म्हणजे एक रस्त्याची रेघ, दोन निळे ठिपके आणि बाकी सगळं कोरं. प्रत्यक्षात तिथं काय काय आहे, उतार आहेत, कोरडे नाले आहेत, मिठाचे पट्टे आहेत, चांगपा लोकांचे, म्हणजे तिथल्या भटक्या मेंढपाळांचे, तळ आहेत, गोडं पाणी कुठं आणि खारं कुठं हा फरक आहे, आणि साडेचार हजार मीटरवर चालणाऱ्या माणसाला हा फरक माहीत पाहिजेच. असा, उंचसखलपणा आणि पाणी दाखवणारा टोपो नकाशा स्वतः करता येतो. डेटा फुकट, सॉफ्टवेअर फुकट, ८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो, आणि बरंचसं काम घरी पंख्याखाली बसून होतं. कसं ते सांगतो.

उदाहरणाला त्सो करचं खोरं घेतो. लेह-मनाली रोडवर टगलांग ला ही खिंड उतरून मोरे मैदानात आलं की पूर्वेला आत जे खारं तळं लागतं ते. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ४५३० मीटर, उत्तरेला ठुकजे गाव, दक्षिणेला स्टार्टसापुक त्सो नावाचं छोटं गोड्या पाण्याचं तळं ज्याचं पाणी ह्या मोठ्या खाऱ्या तळ्यात येतं, आणि पूर्वेला पोलोगोंगका ला ओलांडला की पुगाचे गरम पाण्याचे झरे. २०२० मध्ये ह्या पाणथळीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ अशी मान्यता, मिळाला. काळ्या मानेचे क्रौंच तिथे घरटी करतात. जागा निवडण्याचं अजून एक कारण आहे, हे तळं नकाशेवाल्यांच्या सगळ्या शिवणींवर एकदम बसलंय, त्यामुळे इथं जमलं की कुठंही जमेल. ते पुढे येईलच.

आधी सराव आपल्या माळावर

थेट लडाखला हात घालू नका. सोलापूरच्या उत्तरेला हिप्परगा तलाव ते नान्नज हा पट्टा घ्या आणि त्याचा एक नकाशा आधी करा, कारण इथं चूक झाली तर संध्याकाळी गाडी काढून बघून येता येतं, तिकडे येत नाही. आपला माळही कोरडा, झाडी कमी, उतार मंद, ओढे आठ-नऊ महिने वाळलेले, म्हणजे वाचायची नजर तीच लागते. फक्त नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आत परवानगीशिवाय घुसू नका, बाहेरचे रस्ते आणि गायरान सरावाला भरपूर आहेत.

कॉन्टूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ, हे डोक्यात बसत नसेल तर मे महिन्यात उजनीच्या काठावर जाऊन उभे राहा. पाणी जसं जसं उतरतं तसं काठावर एकाखाली एक रेघा सोडत जातं, जिथे उतार तीव्र तिथे रेघा चिकटून, जिथे काठ पसरट तिथे लांब लांब, आणि ओढ्याच्या तोंडाशी प्रत्येक रेघ आत वळून परत बाहेर येते. टोपो नकाशावरच्या तपकिरी रेघा तंतोतंत ह्याच. त्सो करच्या उतारांवर तर हे जुन्या काळाचं असंच लिहिलेलं आहे, ते तळं एके काळी आजच्यापेक्षा खूप मोठं आणि खोल होतं आणि आटताना त्याने सोडलेले काठाचे पट्टे अजून दिसतात. चांगल्या नकाशात ते दिसले पाहिजेत, म्हणून ही जागा मला फार आवडते.

उंचीचा डेटा

उंचीच्या आकड्यांची चौकोनी जाळी, म्हणजे डीईएम, ही सगळ्या कामाचा पाया. फुकटातले मुख्य पर्याय असे. एसआरटीएम, फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर शटलने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने घेतलेला. कोपर्निकस ३० मीटर (म्हणजे जाळीचा एक चौकोन ३० मीटरचा), टॅनडेम-एक्स उपग्रहांच्या २०११ ते २०१५ च्या रडार डेटावरून केलेला. जपानचा एलॉस ३० मीटर, जो फोटोंच्या जोड्यांवरून केलाय. आणि आपल्या इस्रोचा कार्टोडेम, २००५ मध्ये सोडलेल्या कार्टोसॅट-१ वरून, तो भुवन पोर्टलवर मिळतो.

माझं मत विचाराल तर चांगथांगसाठी कोपर्निकस घ्या. एसआरटीएमला तीव्र डोंगरांत भोकं पडलेली होती, रडार तिरकं बघतं त्यामुळे कड्यामागे सावली पडते आणि तिथला डेटा येतच नाही, मग ती भोकं नंतर दुसऱ्या डेटाने बुजवलीयेत आणि ठिगळ कुठे लावलंय ते चटकन कळत नाही. कोपर्निकसमध्येही भराव आहे, पण त्याच्या पूर्ण पॅकेजमध्ये मास्कच्या फाइली येतात, त्यात कुठे बुजवलंय, कुठे पाणी सपाट केलंय हे दिसतं. ह्या फाइली लोक उघडतसुद्धा नाहीत. उघडा.

एक गोष्ट सरावाच्या वेळीच कळेल. हे सगळे डीईएम जमिनीची नाही, वरच्या पृष्ठभागाची उंची देतात. आपल्याकडे उसाचा उभा फड असेल तर तो दोन-तीन मीटरचा उंचवटा म्हणून येऊ शकतो, बाभळीची रांग म्हणजे बुटका बांध, शहरात तर बिल्डिंगांचाच डोंगर. चांगथांगात गवत घोट्याएवढं, झाडं जवळपास नाहीतच, म्हणून तिथे पृष्ठभाग आणि जमीन एकच धरली तरी चालतं. उंच वाळवंटाचा नकाशा करणाऱ्याला हा मोठा फायदा आहे, कोकणातल्या जंगलाचा नकाशा करणाऱ्याला विचारा.

आता शिवणींचं. डीईएम एक अंश बाय एक अंशाच्या तुकड्यांत मिळतो आणि त्सो कर ७८ अंश पूर्व रेखांशावर बसलंय, म्हणजे ७७ चा तुकडा पण लागतो आणि ७८ चा पण. यूटीएम ह्या मीटरमध्ये मोजणाऱ्या ग्रिड पद्धतीत झोन ४३ आणि ४४ ची हद्द तीच, ७८ अंश. आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या शीटची हद्दपण तीच, पश्चिमेचा भाग ५२ जी मध्ये, पूर्वेचा ५२ के मध्ये. घाबरायचं नाही. दोन्ही तुकडे क्यूजीआयएस ह्या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये टाकून व्हर्च्युअल रास्टर (दोन्ही एकच असल्यासारखे दाखवणारी फाइल) करा, मूळ फाइलींना हात लागत नाही आणि जोड कळत नाही. झोनचं म्हणाल तर अख्खा नकाशा झोन ४३ मध्येच ठेवा, सॉफ्टवेअरमधला त्याचा ईपीएसजी कोड ३२६४३. झोनच्या कडेला ह्या अक्षांशावर अंतरात किलोमीटरला साधारण अर्धा मीटर फरक पडतो, १:५०,००० च्या स्केलवर (कागदावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर) तो दिसणारसुद्धा नाही, पण अर्धा नकाशा एका झोनमध्ये आणि अर्धा दुसऱ्यात ठेवलात तर ग्रिडच्या रेघा मध्यात तुटतात आणि वापरणाऱ्याचं डोकं फिरतं. सोलापूर पण झोन ४३ मध्येच येतं, जुनी शीट ४७ ओ, त्यामुळे सरावाची प्रोजेक्ट फाइल तशीच पुढे वापरता येते.

डाउनलोड झालेला डीईएम अंशांमध्ये असतो. तो तसाच वापरून उतार किंवा हिलशेड (डोंगरांची प्रकाश-सावली) काढू नका. एक आर्क सेकंद उत्तर-दक्षिण जवळपास ३१ मीटर असतो, पूर्व-पश्चिम मात्र सोलापुरात साडेएकोणतीस आणि त्सो करला २६ च्या आसपास, म्हणजे चौकोन चौकोनी राहत नाही, उत्तरेला जाल तसा अरुंद होतो. आधी वार्प टूलने यूटीएम मध्ये आणा, पिक्सेल ३० मीटर ठेवा, आणि रिसॅम्पलिंगला (नव्या चौकोनांची उंची काढायच्या पद्धतीला) बायलिनियर किंवा क्यूबिक निवडा. नीअरेस्ट नेबर डीफॉल्टला असतं, ते तसंच राहिलं तर हिलशेडमध्ये कापडाच्या विणीसारख्या आडव्या-उभ्या पट्ट्या येतात आणि कॉन्टूर पायऱ्या-पायऱ्यांचे होतात. असले पट्टे दिसले की समजायचं इथेच घोळ झालाय.

उंची कुठून मोजलेली

ह्यात भले भले गोंधळतात म्हणून जरा थांबून सांगतो. जीपीएस मुळात जी उंची काढतं ती एलिप्सॉइड नावाच्या गणिती अंड्यापासूनची, आणि आपण ज्याला समुद्रसपाटीपासूनची उंची म्हणतो ती जिऑइडपासूनची, म्हणजे सरासरी समुद्रपातळी जमिनीखालीही चालू ठेवली तर येणाऱ्या पृष्ठभागापासूनची. भारतात जिऑइड त्या अंड्याच्या खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरहून जास्त खाली, जगातला सगळ्यात खोल खड्डा तोच. सोलापुरात हा फरक साठ मीटरच्या वर जातो. म्हणजे कच्ची जीपीएस उंची दाखवणारं अॅप लावून घरात बसलात तर घर साठ-सत्तर मीटर खाली गेल्यासारखं दिसेल.

तपासायला सोपी जागा आहे, सोलापूर स्टेशन. प्लॅटफॉर्मच्या टोकाला पिवळ्या बोर्डवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरात लिहिलेली असते, ती रेल्वेच्या लेव्हलिंगवरून आलेली असते. बोर्डपाशी मोकळ्या आकाशाखाली फोन दहा मिनिटं स्थिर ठेवा, अॅप काय म्हणतंय बघा, आणि कोपर्निकसमध्ये त्याच जागेचा आकडा बघा. अॅप साठ-सत्तरने कमी दाखवत असेल तर ते एलिप्सॉइडची उंची देतंय, सेटिंगमध्ये बदला. कोपर्निकसची उंची ईजीएम २००८ जिऑइडवरून आहे, एसआरटीएमची ईजीएम ९६ वरून, म्हणून दोन डीईएम एकमेकांवर ठेवून वजाबाकी करताना आधी दोघांना एका पायावर आणायचं.

खिंडीतल्या बोर्डांवर मात्र विसंबू नका. खारदुंग ला चा तो प्रसिद्ध १८,३८० फुटांचा बोर्ड सगळ्यांच्या फोटोत असतो, पण जीपीएसने मोजलेली उंची ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. असा बोर्ड कंट्रोल पॉइंट (खात्रीचा बिंदू) म्हणून घेतला तर अख्खा नकाशा अडीचशे मीटर वर जाईल.

मग तिकडे तपासायचं कशावर? नासाचा आइससॅट-२ उपग्रह सप्टेंबर २०१८ मध्ये सुटला, तो हिरव्या लेझरच्या सहा किरणांनी जमिनीची उंची मोजत जातो, त्याच्या पट्ट्या त्सो करवरूनही जातात आणि डेटा फुकट आहे. सपाट कोरड्या जमिनीवर त्याचा नेम मीटरच्याही आत असतो, म्हणजे डीईएम तपासायला तो आपला लेव्हलवाला. तुमच्या भागातले पॉइंट उतरवा, खरोखर सपाट जागेवरचेच ठेवा, प्रत्येक ठिकाणी डीईएमची उंची वजा करा. त्याच्या मुख्य उंच्या एलिप्सॉइडवरच्या असतात हे विसरलात तर सगळीकडे सारखाच मोठा फरक येईल. फरक सारखा आला म्हणजे पाया चुकलाय, आणि कुठे जास्त कुठे कमी आला म्हणजे डीईएम तिथे खराब आहे. ही ओळख एकदा आली की अर्धं काम सोपं होतं.

कॉन्टूर काढताना लोभ नको

क्यूजीआयएस मध्ये रास्टर मेनूत कॉन्टूर आहे, इंटरव्हल (दोन रेघांमधला उंचीचा फरक) विचारतं, आणि तुम्ही १ मीटर टाकलं तरी ते निमूट काढून देतं. इथेच सगळ्यात जास्त खोटे नकाशे तयार होतात. कोपर्निकसच्या उंचीत ४ मीटरपर्यंतची चूक गृहीत धरायची असते, एसआरटीएमला तर ठरवून दिलेली मर्यादाच १६ मीटरची होती. अशा डेटातून २ मीटरचे कॉन्टूर काढले तर ते जमीन दाखवत नाहीत, रडारची खरखर दाखवतात, आणि बघणाऱ्याला वाटतं वा काय बारीक काम केलंय. माणूस त्या नकाशावर भरवसा ठेवून चालणार आहे, त्याला डेटात नसलेली खात्री देऊ नका.

५०,००० च्या स्केलला २० मीटर ठेवा, दर पाचवी रेघ जाड आणि आकडा असलेली. ३० अंशांच्या उतारावर २० मीटरच्या दोन रेघा कागदावर सुमारे ०.७ मिलीमीटरवर येतात, ठीक दिसतं. त्याहून उभ्या उतारांचा भाग असेल तर ४० करा. आणि मोरे मैदानासारख्या सपाट जागेत, जिथे २० मीटरच्या दोन रेघांमध्ये किलोमीटरचं अंतर पडतं, तिथे मधली १० मीटरची तुटक रेघ घाला, फक्त तेवढ्याच भागात. हिप्परग्याच्या माळावरपण हेच करावं लागेल, आपल्याकडे २० मीटरमध्ये सगळा माळ गायब होतो. त्सो करचे जुने काठ मात्र कॉन्टूरमधून सुटतात. ते हिलशेड आणि उपग्रहाचा फोटो एकत्र लावून हाताने, वेगळ्या बारीक रेघेने काढा, उंचीचा दावा न करता.

रेघा थरथरत्या आल्या तर रेघांना स्मूथ करू नका, त्या एकमेकींवर चढतात. कॉन्टूर काढायच्या आधी डीईएमला हलकासा गॉसियन फिल्टर (शेजारच्या उंच्यांची सरासरी घेणारा) लावा. मग शिखरं थोडी बोथट होतात, म्हणून शिखरांच्या आणि खिंडींच्या उंच्या मूळ, फिल्टर न लावलेल्या डीईएम वरून घ्यायच्या. तरी टोकदार शिखर ३० मीटरच्या चौकोनात सरासरी होऊन थोडं बुटकंच येतं, म्हणून अशा आकड्याला ठिपका करा पण त्रिकोण देऊ नका, त्रिकोण हा प्रत्यक्ष मोजलेल्या बिंदूचा.

हिलशेडला प्रकाश वायव्येकडून, ३१५ अंश, हा रिवाज पाळा. सूर्य तिकडून कधीच नसतो हे खरं, पण नकाशाच्या खालच्या बाजूने प्रकाश दिला की डोळ्याला दऱ्या डोंगर वाटतात आणि डोंगर दऱ्या.

पाणी

ह्या नकाशाचा जीव पाण्यात आहे आणि कॉम्प्युटर सगळ्यात जास्त चुकतो तेही इथेच.

नाले काढायचं नेहमीचं तंत्र म्हणजे आधी डीईएम मधले खड्डे बुजवा, मग पाणी कुठे वाहील ते बघा. सोलापूरच्या पट्ट्यात हे मस्त चालतं कारण आपलं सगळं पाणी शेवटी सीना-भीमेला जातं, डीईएम मधला खड्डा हा बहुतेक वेळा डेटाचाच दोष असतो. त्सो करला हेच केलं तर आपत्ती. ते बंद खोरं आहे, पाणी आत येतं आणि बाहेर जातच नाही, उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे राहतं. सॉफ्टवेअरला हे माहीत नाही, त्याला अख्खं खोरं हाच एक खड्डा दिसतो, ते काठोकाठ भरतं आणि जिथे काठ सगळ्यात खाली तिथून एक सुंदर निळी नदी बाहेर काढून देतं, जी अस्तित्वातच नाही. उपाय आहे, क्यूजीआयएस मधून चालणाऱ्या ग्रास ह्या सॉफ्टवेअरच्या आर डॉट वॉटरशेड (r.watershed) टूलला खऱ्या खोलगट जागांचा एक वेगळा नकाशा देता येतो. त्सो करचा पॉलिगॉन (काठाची बंद आकृती) रास्टर करून त्यात द्या, मग पाणी तळ्यात जाऊन थांबतं. स्टार्टसापुक देऊ नका, त्याचं पाणी पुढे वाहतं.

तळ्याचा काठ डीईएम वरून घेऊ नका. तिथे पाणी सपाट करून टाकलेलं असतं आणि ती पातळी त्या वर्षांची. सेंटिनल-२ उपग्रहाचे फोटो घ्या, १० मीटरचे, सप्टेंबर-ऑक्टोबरचे, कारण तेव्हा बर्फ कमी आणि आकाश स्वच्छ. हिरवा बॅंड ३ आणि इन्फ्रारेड बॅंड ८ ह्यांच्या फरकाला बेरजेने भागलं की पाणी उजळ उठून दिसतं. आणि पांढरं दिसलं म्हणून लगेच बर्फ समजू नका, त्सो करच्या काठाला मिठाचा पापुद्रा आहे. बॅंड ११ लावून बघा, बर्फ त्यात काळा पडतो, कोरडं मीठ बहुतेक उजळच राहतं. दोन-तीन वेगवेगळ्या वर्षांचे फोटो एकमेकांवर ठेवा, सगळ्यात आतला काठ सलग रेघेने, सगळ्यात बाहेरचा तुटक रेघेने, आणि मधला पट्टा ठिपक्यांनी. त्या पट्ट्यात वरून कोरडं दिसतं आणि पाय टाकला की चिखल असू शकतो. त्याच कडेला पक्ष्यांची घरटीपण असतात, म्हणून तंबूची खूण तिथे चुकूनही टाकू नका.

नाल्यांमध्ये फरक करा. आपल्या टोपोशीटवर कोरडा नाला काळ्या रेघेने असतो आणि पाण्याचा निळ्या, ही पद्धत उत्तम आहे, तशीच ठेवा. पण कोरडा की वाहता हे फोटोवरून पूर्ण कळत नाही, तिथल्या माणसालाच विचारावं लागतं, आणि विचारण्याचीपण सवय लागते. नान्नजकडच्या माळावर मेंढरं चारणाऱ्या एका मामांना नकाशा दाखवून मी विचारलं होतं, "मामा, ह्या ओढ्याला पाणी किती महिने असतं?" त्यांनी काठीने समोर दाखवलं, "ह्यात कुटलं पानी, पाऊस पडला की दोन तास वाहतंय आन् मग वाळू. पानी पायजे तर त्या खडकाच्या बुडाला, पार पाडव्यापातूर ऱ्हातंय." खडकाखालचा तो डोह कुठल्याही उपग्रहात दिसत नाही. नकाशावर मी ओढा काळा केला आणि डोहाला एक निळा ठिपका आणि बाजूला 'पाडव्यापर्यंत' असं लिहिलं. चांगपा मेंढपाळांना पण असंच विचारायचं, ह्यात पाणी आहे का असं नाही, कुठल्या महिन्यापर्यंत असतं आणि जनावरं पितात का असं. जनावरं पितात का ह्या प्रश्नात खारं-गोडं आपोआप येतं.

जागांची नावं पण तिथल्याच माणसांकडून घ्या. एकाच खिंडीचं इंग्रजी स्पेलिंग चार नकाशांत चार प्रकारचं सापडतं, टेबलमध्ये सगळे प्रकार ठेवा आणि नकाशावर जे स्थानिक बोलतात त्याच्या जवळचं लिहा.

प्रत्यक्ष गेल्यावर

लेहला पोचल्यावर निदान दोन दिवस काहीही करायचं नाही, लेह ३५०० मीटर आणि त्सो कर त्याच्या हजार मीटर वर. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही, पोस्टपेड न्या आणि तरी खोऱ्यात नेटवर्क मिळेल असं धरू नका, सगळा नकाशा क्यूफील्ड अॅपमध्ये ऑफलाइन भरून ठेवा. सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर परवान्याशिवाय भारतात बेकायदा आहे, कोणी परदेशातून आणून दिला तरी नेऊ नका. ड्रोनचा विचार सोडा. परमिटचे नियम बदलत असतात, लेहमध्येच ताजं विचारा.

उंचीला बॅरोमीटर असलेलं घड्याळ कामाचं आहे पण त्याचा स्वभाव समजून घ्या. सोलापुरात हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने बदलला की उंची ९ मीटरने सरकते, त्सो करच्या हवेत तेवढ्याच बदलाला १३ मीटर. आणि दाब रोज आपोआप वरखाली होतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त, दुपारी चारला कमी, म्हणजे तुम्ही एका जागी बसून राहिलात तरी घड्याळ चढून येतं. म्हणून सकाळी निघताना माहितीच्या उंचीवर लावा, वाटेत शक्य तिथे परत लावा, संध्याकाळी त्याच जागी येऊन किती सरकलं ते लिहा आणि तो फरक दिवसभराच्या रीडिंगांत वेळेप्रमाणे वाटा. १८६५-६६ मध्ये नैनसिंग रावत ब्रिटिश सर्व्हेसाठी वेषांतर करून ल्हासापर्यंत गेले तेव्हा बॅरोमीटरसुद्धा उघडपणे नेता येत नव्हता, त्यांनी १०८ ऐवजी १०० मण्यांच्या माळेवर पावलं मोजली आणि पाणी किती डिग्रीला उकळतं त्यावरून उंची काढली. त्सो करच्या उंचीवर ते साधारण ८५ डिग्रीला उकळतं. त्या माणसाच्या वह्यांवरून तिबेटच्या नकाशात ल्हासाची जागा बसली, आणि आपल्या हातात एवढी साधनं असताना वही न ठेवणं मला तरी पटत नाही. प्रत्येक पॉइंटला वेळ, फोनने दाखवलेली अचूकता, काय दिसलं ते तिथल्या तिथे लिहा. थंडीत फोनची बॅटरी धपकन बसते, वही बसत नाही.

होकायंत्र वापरणार असाल तर एक लक्षात ठेवा, त्सो कर झोनच्या कडेला असल्याने ग्रिडची उत्तर (नकाशावरच्या उभ्या रेघांची दिशा) आणि खरी उत्तर ह्यांच्यात दीड अंशाहून जास्त फरक आहे, शिवाय चुंबकीय उत्तरेचा फरक वेगळा. सोलापुरात ग्रिडचा हा फरक अगदी किरकोळ असतो त्यामुळे सरावात कळत नाही. नकाशाच्या समासात तिन्ही उत्तर दिशांची छोटी आकृती काढाच.

काय दाखवायचं नाही तेही सांगतो. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून भारतीय माणसाला नकाशा करायला आधी परवानगी लागत नाही, पण सैन्याची ठाणी, त्यांचे रस्ते-गोदामं वगैरे नकाशात येता कामा नये, फोटोत दिसलं तरी. आंतरराष्ट्रीय सीमारेषा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच पाहिजे, चुकीची काढणं कायद्याने गुन्हा आहे. त्सो करच्या शीटमध्ये ती येतच नाही, म्हणून प्रश्न मिटला.

छपाई

ए थ्री कागदावर ५०,००० ला साधारण १८ बाय १३ किलोमीटर बसतं, समास सोडून. तळं, ठुकजे, स्टार्टसापुक आणि आजूबाजूचे उतार आरामात येतात. कॉन्टूर ०.१५ मिलीमीटर, जाड रेघ ०.३, रंग तपकिरी पण फिका, नाहीतर खालचं काही वाचता येत नाही. फ्लेक्सवाल्याकडे किंवा डिजिटल प्रिंटवाल्याकडे नॉन-टिअरेबल पेपर मागा, लॅमिनेशन नको, त्यावर पेनने लिहिता येत नाही आणि घडीवर ते फुटतं.

नावं मराठीत टाकली असतील तर पीडीएफ काढताना टेक्स्टचे पाथ करायचा पर्याय निवडा. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तुमचा फॉन्ट नसतो, फाइल कोरलमध्ये उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि स्टार्टसापुकचं काहीतरी भलतंच छापून येतं. आणि प्रिंट देताना फिट टू पेज काढायला सांगा, स्केल तिथेच बिघडतं. हातात आल्यावर दुकानातच पट्टी लावा, स्केलबारचे ५ किलोमीटर बरोबर १० सेंटीमीटर भरले पाहिजेत.

समासात खाली बारीक अक्षरात डेटा कुठला, कुठल्या वर्षांचा, फोटो कुठल्या महिन्याचे, जिऑइड कुठला, कॉन्टूर किती मीटरपर्यंत चुकू शकतात, कुठले भाग प्रत्यक्ष चालून तपासलेत आणि कुठले फक्त उपग्रहावरून आहेत हे लिहा. तपासलेल्या भागाची हद्द एका छोट्या चौकोनी आकृतीत रंगवून दाखवली तर अजून बरं, म्हणजे न तपासलेल्या नाल्यात उतरायची वेळ आली की घेऊन गेलेला माणूस पाण्याची एक बाटली जास्त भरून घेईल.